कणगीतला टीव्ही

नामा-लक्ष्मीची थोरली लेक तानी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, ते २००४ साल. बाळाची पाचवी नुकतीच झाली होती, आणि त्याच आठवड्यात खर्डीहून तिचा भाऊ रोशन याच्यासाठी मुलीकडची माणसं घर बघायला यायची होती.

"खालून धरा, माझ्याकडं काय बघता," लक्ष्मी म्हणाली.

नामाने गोधडीत गुंडाळलेला टीव्ही खालून धरला. नवरा-बायकोने तो उचलून कणगीत भातावर ठेवला. लक्ष्मीने वरून सुपानं भात ओतलं.

"कापड टाकून कोपऱ्यात ठेवला असता."

"मंग इचारतील, कोन बघतो. सांगाल तुमी, मी बघतो म्हनून?"

नामा धसईच्या भातगिरणीवर कामाला होता. संध्याकाळी घरी आला की पाय धुऊन टीव्हीपुढं बसायचा आणि हिंदीत बोलणारी जपानी चित्रं बघायचा. मोठ्या डोळ्यांची, काटेरी केसांची पोरं. आधी पाड्यातली पोरं हसली, मग बाया, मग गिरणीवरची माणसं. "नामा, दूध पिऊन आलास का रे?" म्हणून विचारायची. हसण्यावर राहिलं असतं तर ठीक होतं. पण नामाचा धाकटा भाऊ जैतू डोकं फिरून घर सोडून गेला होता, तो परत आला नव्हता. आता लोक म्हणू लागले, थोरल्याचंही सुरू झालं. रोशनचं एक स्थळ याच बोलण्यावर मोडलं होतं.

"बा, आज तेवढं सांभाळ," रोशन सकाळी म्हणाला होता. ते नामाच्या मनातून जात नव्हतं.

दुपार कलल्यावर मुलीचा बाप काळूराम आणि त्याची थोरली बहीण भिमी आली. चहा झाला. भिमीआत्याची नजर भिंतीवरून लोंबणाऱ्या केबलच्या वायरवर गेली. ती पदर खोचून उठली आणि सरळ कणगीपाशी गेली.

मुलगी द्यायची त्या घरच्या कणगीत हात घालून बघायचा, ही रीतच होती. लक्ष्मीला ती चांगली माहीत होती, पण टीव्ही लपवायच्या धांदलीत तिच्या ध्यानातच राहिली नव्हती. भिमीआत्याने कोपरापर्यंत हात घातला.

"काळू, वर भात दिसतं रे. खाली गोधडी हाय."

काळूराम उभा राहिला. "रिकामी कणगी भरलेली दाखवता का आमाला?"

रोशन जमिनीकडे बघत होता. नामानं गप्प बसावं तर घर लबाडाचं ठरतं. बोलावं तर वेड्याचं.

"भात खरंच हाय," तो म्हणाला. "तळापर्यंत हाय. मधी टीव्ही ठेवलाय."

"चोरीचा हाय काय?"

"नाय. माझाच. मी पोरांची चित्रं बघतो त्याच्यावर. लोक हसतात, म्हनून हिनं लपवला."

त्याने स्वतःच टीव्ही बाहेर काढला. काळूरामने कणगीत वाकून तळापर्यंत हात घातला. भात होतं. मग तो टीव्हीकडे बघत राहिला.

"लावा बघू. काय बघता ते तरी कळू दे."

टीव्ही लावताना त्याच्या फटींतून भाताचे दाणे खाली गळले. चित्र आलं. एक म्हातारी एका पोराला वाडग्यात भात वाढत होती.

"भातच खातात गो हे," भिमीआत्या म्हणाली.

"भातच," नामा म्हणाला. "त्या पोराचा भाऊ कुठंतरी निघून गेलाय. त्याचंबी रोज वाढून ठेवतात."

लक्ष्मीने मान फिरवली. काळूरामने चप्पल पायात घातली आणि हळूच विचारलं, "घरात असं आनखी कोनाला हाय का?"

"काय?"

"हेच."

नामाने टीव्ही बंद केला.

महिन्याभराने निरोप आला, मुलगी एवढ्यात द्यायची नाही. त्यानंतर नामाने टीव्हीला हात लावला नाही. संध्याकाळी तो ओट्यावर बसून राहायचा. रोशन कितीतरी दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलला. पुढे त्याला मुरबाडकडची मुलगी मिळाली. गिरणीच्या कोंड्यानं नामाला दम लागू लागला आणि त्याचं बाहेर बसणंही सुटलं.

एकदा रोशन कामावरून आला, पाय धुतले आणि टीव्ही लावला. ती जुनी मालिका कधीच संपली होती. दुसरीच पोरं उड्या मारत होती. रोशन बापाच्या खाटेला टेकून खाली बसला. दार उघडंच होतं.

"आवाज कमी कर," नामा म्हणाला. "लोक ऐकतील."

रोशन उठला नाही.

बराच वेळ दोघं बघत होते. मग नामाने विचारलं, "त्या पोराचा भाऊ आला का रे परत?"

"आला," रोशन म्हणाला.

नामा २००९ च्या मार्गशीर्षात वारला. जैतूचा पत्ता अजून लागलेला नाही.