छातीच्या उंचीवर

उद्यान खात्यात झाड मोजायची पद्धत अगदी सोपी होती. झाडाजवळ जायचं, छातीच्या उंचीवर खोडाभोवती टेप फिरवायची, आकडा वहीत लिहायचा आणि पुढच्या झाडाकडे वळायचं. यात चुकण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. टेपवालीलाही तसंच वाटत होतं. दोन वर्षं ती शहरभर हेच करत फिरत होती आणि छाती नेमकी कुणाची, हा प्रश्न एकदाही तिच्या डोक्यात आला नव्हता.

टेपवाली अंगाने लहानखुरी. लहानखुरी हा आपला सभ्य शब्द. खात्यातला शिपाई सरळ म्हणायचा की बाई खुर्चीत बसल्या काय आणि उभ्या राहिल्या काय, टेबलामागून सारख्याच दिसतात. तिच्या आधी हे काम तीस वर्षं शिडीकाकांनी केलं होतं. नावातच सगळं आलं. त्यांना दारातून वाकून यावं लागे आणि बल्ब बदलायला स्टूल लागत नसे. काका निवृत्त झाले, टेप हिच्या गळ्यात आली, आणि शहरातली झाडं एकाएकी जाड व्हायला लागली. खोड खाली रुंद आणि वर निमुळतं असतं हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण साहेबांना वाटलं, हा आपण आणलेल्या नव्या खताचा गुण. त्यांनी तसा अहवाल वर पाठवला, वरिष्ठांनी पाठ थोपटली आणि साहेब आठवडाभर हवेत होते. अशा वेळी खोदून कोण बघतंय?

सगळं असंच मजेत चाललं असतं, पण लाँड्रीच्या बोळात घोडं अडलं.

त्या बोळात तुतीचं एक जुनं झाड होतं. झाडाला लागून लाँड्री, आणि समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर टेपवाली आणि तिची आई. लाँड्रीवाले मामा (बोळातले लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत) म्हणजे परीटघडीचा माणूस. शर्टाला सुरकुती पडू नये म्हणून ते हसतानाही जपून हसायचे. तुती पिकली की पाखरांची चैन आणि मामांची दैना. दोरीवर हॉस्पिटलच्या पांढऱ्याशुभ्र चादरी, आणि त्यांच्यावर वरून पडणारे जांभळे ठिपके. तीनतीनदा धुवा, उकळा, घासा, डाग आपला तिथेच. शेवटी मामांनी हात टेकले आणि झाड तोडायचा अर्ज दिला.

नियम असा होता की बुंध्याचा घेर दोनशे सेंटिमीटरच्या आत असेल तर अर्जावर झाड तोडता येतं. दोनशे भरले की ते जुनं झाड, मग त्याला कुणी हात लावायचा नाही. शिडीकाकांच्या शेवटच्या नोंदीत तुती एकशे चौऱ्याण्णव होती. टेपवालीने मोजली तर दोनशे सात. अर्ज फेटाळला गेला.

मामा भडकले. दोन वर्षांत तेरा सेंटिमीटर? झाड आहे की सासरहून माहेरी आलेली लेक, इतकं बाळसं धरायला? त्यांनी साहेबांकडे तक्रार ठोकली. झाड या बाईंच्या आईच्या खिडकीसमोर आहे, म्हणून बाईंनी आकडा फुगवला, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. सोबत मामांची सही, तीही इस्त्री केल्यासारखी.

आता खिडकीचं म्हणाल तर ते खरं होतं. टेपवालीच्या आईचे गुडघे गेले होते. दोन वर्षं ती जिना उतरली नव्हती. सकाळी उठून खिडकीत बसायचं आणि तुतीत चालणारा कारभार बघायचा, हीच तिची नोकरी. कोणत्या फांदीवर कोणती पाखरं भांडतात, शाळेतून येणारी पोरं चोरून तुती खातात आणि घरी ओरडा बसू नये म्हणून बोटांचे डाग कसे घालवतात, हे सगळं ती संध्याकाळी लेकीला तपशीलवार ऐकवायची. झाड गेलं असतं तर तिच्यासमोर उरला असता लाँड्रीचा पत्रा आणि त्यावरची गंजकी टाकी. त्या टाकीकडे बघत आई दिवस कसे काढेल, याचा टेपवालीला घोर लागायचा.

पण आकडा तिने फुगवला नव्हता. टेप तिने सरळ धरली होती, जशी दोन हजार झाडांना धरली तशीच. म्हणून तक्रारीचा कागद वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं.

साहेबांनी शिडीकाकांना बोलावून घेतलं. काका आले, दारात वाकले, आत येऊन टेपवालीच्या शेजारी उभे राहिले आणि ऑफिसातले सगळे एकदा वर, एकदा खाली बघायला लागले. काकांच्या शर्टाचा वरचा खिसा तिच्या डोक्याच्याही वर होता. साहेबांना खताचा अहवाल आठवला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. घाईघाईने नियमांचं पुस्तक काढलं. 'छातीच्या उंचीवर' इथे पान संपत होतं, आणि पुढचं पान कुणाच्या तरी जुन्या चहाने त्याला चिकटलं होतं. फूटपट्टीने हळूच सोडवलं तेव्हा पुढचं वाक्य निघालं: म्हणजे खात्याच्या काठीवरील लाल पट्टीइतक्या उंचीवर, जमिनीपासून एकशे तीस सेंटिमीटर.

काठी कुठाय, असं साहेबांनी विचारलं. शिपायाने मान खाली घातली. मग तो खिडकीपाशी गेला आणि कित्येक वर्षं तावदान अडकवून ठेवलेली काठी त्याने काढली. तावदान धाडकन आपटलं. काठीवर धुळीखाली लाल पट्टी होती.

शिडीकाका खुर्चीत बसले ते उठेचनात. तीस वर्षं त्यांनी झाडं मोजली ती पट्टीच्या वर, म्हणजे असायला हवीत त्याहून बारीक. त्यातली किती दोनशेच्या जरा आत म्हणून तोडली गेली असतील, ते आता कुणीही सांगू शकत नव्हतं. टेपवालीला त्यांची फार कीव आली. तिने त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली की काका, काठी तुम्ही धरा, टेप मी धरते, उद्या एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावू. काकांनी शिपायाकडून काठी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी अख्खा बोळ लोटला. तुतीच्या खोडाला चिकटून मामांनी कधीकाळी सिमेंटचा कट्टा बांधला होता, त्यावर त्यांच्या साबणाच्या बादल्या असत. बादल्या हलवल्या. शिडीकाका कट्ट्यावर चढले आणि काठी टेकवून उभे राहिले. टेपवालीही चढली आणि तिने लाल पट्टीच्या रेषेत टेप फिरवली.

टेपची दोन टोकं जुळली तेव्हा तिला समजलं. दोन सेंटिमीटर कमी होते. खोडामागे तिचा डावा हात कुणालाच दिसत नव्हता. टेपखाली बोट सरकवलं की दोन सेंटिमीटर सहज भरतात, हे रोज टेप धरणाऱ्याला सांगावं लागत नाही. तिने वर पाहिलं. आई खिडकीत होती, दोन्ही हात कठड्यावर ठेवून. बोट जागचं हललं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. ते सालीपर्यंत गेलं, आणि परत आलं.

"एकशे अठ्ठ्याण्णव," ती मोठ्याने म्हणाली.

मामा जिंकले होते, पण त्यांनाही हसावं की नाही ते समजेना. टेपवालीने आकडा स्वतःच्या हाताने लिहिला आणि खाली सही केली. साहेब पंचनामा लिहायला बसले. तिने पुन्हा वर पाहिलं तर खिडकी रिकामी होती. आईला बघवलं नसेल, असं वाटून तिला रडू आलं आणि ते लपवायला ती उगाच टेप गुंडाळत बसली.

पंचनामा संपत आला तेव्हा इमारतीच्या जिन्यात ठक ठक वाजायला लागलं. एक ठक, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरं ठक, आणि मधूनमधून गुडघ्यांना दिलेल्या शिव्या. दारातून आधी काठी बाहेर आली आणि मग आई. घामाने निथळत होती. टेपवाली धावली तर तिने हातानेच तिला बाजूला केलं आणि थेट साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

काठी कुठे टेकवली होती, असं तिने विचारलं. साहेब म्हणाले, जमिनीवर. आईने आपली काठी कट्ट्याच्या कडेवर दोनदा आपटली.

"ही जमीन? ही मामांची करणी आहे, साहेब. जमीन त्याच्या खाली आहे, हातभर."

आणि मग तिने हजेरीच घेतली. हा कट्टा बांधला त्या दुपारी ती खिडकीतून ओरडून सांगत होती की अहो, खोड अर्धं पुरताय. पण मामांना बादल्या ठेवायच्या होत्या. विश्वास नसेल तर कोपऱ्यात बघा, ओल्या सिमेंटवर मामांची लेक नाचली होती, तिची पावलं अजून आहेत. सगळ्यांनी कोपऱ्यात पाहिलं. चिमुकली दोन पावलं होती. ती लेक आता मामांच्या खांद्याला लागत होती. मामांनी पावलांकडे पाहिलं, आणि बादल्या स्वतःच आणखी लांब सरकवल्या.

शिडीकाका एकदम तरतरीत झाले. कट्ट्यावरून उतरून त्यांनी काठी खऱ्या जमिनीवर टेकवली, लाल पट्टीपासून खोडापर्यंत सुतळी ताणली आणि टेपवालीने तिथे टेप फिरवली. दोनशे बारा. आधीचे दोनशे सात काय आणि काकांचे एकशे चौऱ्याण्णव काय, दोघांनीही कट्ट्यावर उभं राहूनच मोजले होते. साहेबांनी दोनदा वाचून घेतलं. काका म्हणाले की आता सगळं शहर पुन्हा मोजायचं आहे, मी येतो, फुकट येतो, नाही म्हणू नका. साहेबांनी जुना पंचनामा फाडला आणि नवा लिहिला. त्यात खोडाभोवतीचं सिमेंट फोडून झाड मोकळं करायचं, असंही आलं. मामांनी एवढंच मागितलं की कोपरा तेवढा राहू द्या.

तेवढ्यात टपकन एक पिकली तुती आईच्या खांद्यावर पडली. आता बघा, असा चेहरा मामांनी केला. आईने खालच्या फांदीवरची एक कच्ची, हिरवी तुती मागितली, डागावर चोळली, वर बादलीतलं पाणी मारलं. जांभळा रंग फिकट होत गेला आणि निघाला. पोरं रोज हेच करतात, ती म्हणाली, मी काय खिडकीत माशा मारत होते? मामा आपली सुरकुती-बिरकुती विसरून खाली वाकले आणि हिरव्या तुती वेचायला लागले.

गर्दी पांगली तेव्हा टेपवाली आईजवळ कट्ट्यावर बसली. वरूनच ओरडून सांगायचं ना, हे जीवघेणे तीन मजले कशाला उतरलीस, असं ती रागावून म्हणाली.

"वरून ओरडले असते तर लोक म्हणाले असते, लेकीची बाजू घेतेय," आई म्हणाली. "आणि मी बघत होते गं. खोडामागचा तुझा हात फक्त माझ्याच खिडकीतून दिसतो. तू बोट सरकवलं नाहीस. त्यावर गुडघ्यांचं काय घेऊन बसायचं?"

टेपवालीने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग तिने विचारलं, आता वर कसं जायचं?

"बघू. मामा आहेत, शिडीकाका आहेत, खुर्चीत घालून नेतील," आई म्हणाली. "आधी मला हे झाड खालून नीट बघू दे."