चहा सांडलेल्या पेटीचा डूख

मी एक जुनी बाजाची पेटी आहे, आणि मी डूख धरून आहे. मित्रांनो, माझा जन्म कुठे झाला, लाकूड कुठलं, तेही सांगेन. पण आधी माझ्या पट्ट्यांवरचा हा तपकिरी डाग बघा. तो चहाचा आहे. चोवीस वर्षं झाली, अजून गेलेला नाही, आणि माझ्या मनातूनही गेलेला नाही.

मुंबईत गिरगावातल्या एका दुकानात मी घडले. सागाचं अंग, कातड्याचा भाता, पितळेचे सूर. गिरणीत कामाला असलेल्या एका भजनी बुवांनी मला घेतलं आणि नोकरी सोडून गावी येताना एस.टी.त मांडीवर ठेवून आणलं. कसालला उतरल्यावर त्यांनी आधी मला हमालाच्या डोक्यावर दिलं, मग स्वतःची ट्रंक उचलली. असा मान होता माझा. मालवणाकडच्या आमच्या वाडीत त्यांना सगळे बाबाच म्हणत. त्यांची एकुलती एक मुलगी भक्ती.

दर गुरुवारी बाबा वाडीतल्या पोरांना पेटी शिकवत. त्यात विनीत होता, गंगाराम काजूवाल्यांचा मुलगा. एका गुरुवारी त्याने चहाने भरलेला कप माझ्या अंगावर ठेवला आणि कोपराने पाडला. गोड, कढत चहा माझ्या पट्ट्यांतून थेट पोटात गेला. बाबा धावत आले तेव्हा तो म्हणाला, "भक्तीन सांडल्यान." बाबांनी तिला एक ठेवून दिली. आयुष्यात एकदाच त्यांनी तिच्यावर हात उगारला, तोही नाहक. नऊ वर्षांची भक्ती रडली नाही. तिने ओल्या फडक्याने मला पुसलं आणि विनीतकडे बघत राहिली. तेव्हापासून माझी एक पांढरी पट्टी चिकटते. हवेत दमटपणा आला की ती खालीच बसते आणि नखाने उचलावी लागते.

पुढची वीस वर्षं मी वाडी गाजवली. चतुर्थीत घरोघरी भजन असायचं आणि "बुवांची पेटी इली" म्हटलं की लोक ताटावरून उठायचे. मग बाबा गेले. भक्ती तोवर कसालच्या रस्त्यावरच्या गंगारामांच्या काजू कारखान्यात लागली होती. गर हातात घेऊन, नुसता वास घेऊन तो कधीचा आहे ते ती सांगायची. कामात तिला वेळ मिळेना आणि मी माळ्यावर गेले. दोन वर्षं उंदरांनी माझ्या भात्याचा कोपरा कुरतडला. खोटं कशाला बोलू, तेव्हा मी भक्तीवरही रागावले होते.

मला खाली काढलं ते तिच्या वाईट दिवसांनी. गंगारामांना अर्धांगाचा झटका आला आणि कारखाना विनीतच्या हाती गेला. त्याने मागच्या वर्षीचे खवट गर नव्या गरांत मिसळायला सांगितलं. भक्ती नको म्हणाली. तरी माल गेला आणि आठवड्याभरात परत आला. विनीतने सगळ्या बायकांसमोर सांगितलं, "तपासणी भक्तीची, तर चूक भक्तीची." दहा वर्षांची नोकरी त्याच दुपारी संपली. तेच वाक्य, मित्रांनो. फक्त चहाच्या जागी काजू होते.

मुंबईच्या आतेबहिणीने, अवनीने, भक्तीला फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. तिथे आपलं काम, आपला अनुभव लिहायचा आणि त्या धंद्यातल्या लोकांशी ओळखी जोडायच्या. भक्तीने फोटो काढला, सगळं लिहिलं. महिन्याभरात तीनशे ओळखी झाल्या. कुणी अंगठा वर केला, कुणी शुभेच्छा दिल्या. दोन कारखान्यांनी भेटायलाही बोलावलं. पण दोन्ही वेळा आदल्या दिवशी फोन आला की जागा भरली. दुसऱ्या ठिकाणच्या कारकुनाला तिची दया आली. तो म्हणाला, "तुमच्या जुन्या शेठचो फोन इल्लो." विनीत एकेकाला फोन करून तिचं नाव खराब करत होता. मी कोपऱ्यात बसून ऐकलं आणि माझ्या पोटातला तो जुना चहा पुन्हा उकळला.

गणपतीनंतर मुंबईला जायचं असं तिने ठरवलं. आई, म्हणजे माई, गाव सोडायला तयार नव्हती. म्हणजे माई एकटी राहणार आणि मी पुन्हा उंदरांकडे जाणार.

चतुर्थीच्या आधी आमच्या मंडळाचे मृदंगवाले दाजी पेटी मागायला आले. सत्तरी ओलांडलेले, बाबांचे जिवाभावाचे. भक्ती मला पुसत होती. पुसता पुसता तिने त्यांना सगळं सांगितलं, अगदी चहापासून. मग शपथ घातली, "दाजीनु, वाडीत कोणाक सांगू नकात. माका लाज वाटता."

"नाय सांगणंय," दाजी म्हणाले. "पण पेटी तूच वाजव. ओळखी फोनात कसल्यो शोधतस गो? बावीस घरा आसत. प्रत्येक घरात मुंबय-गोंयचो कोण ना कोण इल्लो आसतलो. भजन झाला की उसळ आणि चाय. थयसर बोल."

आता आमच्या माणसांची खोड ऐका. गणपतीच्या दिवसांत दुसऱ्याच्या घरी रडगाणं गायचं नाही. त्यामुळे प्रत्येक घरात उसळीची वाटी हातात देऊन कुणीतरी विचारायचं, "काय गो, काम कसा चल्लाहा?" आणि भक्ती हसून सांगायची, "बरा आसा. सध्या रजेर आसंय." एकवीस घरांत एकवीसदा. गोव्यातल्या गोदामाचा साहेब भेटला, त्यालाही रजा. वेंगुर्ल्याचा व्यापारी भेटला, त्यालाही रजा. मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेत होते. मला तोंड असतं तर पहिल्याच घरात सगळं सांगून मोकळी झाले असते.

पाचव्या दिवशी, दिवेलागणीला, बाविसावं घर आलं. विनीतचं. भजनात कुणाचंही घर वगळायचं नाही, हा आमचा रिवाज. भक्तीचे पाय उंबऱ्याशी अडखळले. पण माझा बेत पक्का होता. ऐन अभंगात ती पट्टी खाली बसवायची आणि विनीतच्या पाहुण्यांसमोर असा बेसूर लावायचा की त्याच्या घरच्या भजनाचं वाडीभर हसं व्हावं. हवाही दमट होती. सगळं जुळून आलं होतं.

तेवढ्यात समोर बसलेल्या बाईंना भक्तीने ओळखलं. शिरोड्याच्या सावित्रीताई, गंगारामांच्या नात्यातल्या, बायकांचा काजू कारखाना चालवणाऱ्या. त्यांच्यासमोर बेसूर झाले तर लाज कुणाची जाणार? भक्तीची. मग मी सूड गिळला, मित्रांनो. पचवला नाही, नुसता गिळला. चिकट पट्टी नखावर नीट उचलू दिली आणि बाबांच्या हाताखालीसुद्धा वाजले नसेन अशी वाजले.

भजन संपलं. दाजी गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी हात जोडून प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. विनीत यजमान म्हणून सगळ्यात पुढे, डोळे मिटून उभा होता. गंगाराम खुर्चीत होते.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी सेवा झाली, ती गोड मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"जे चाकरमानी इलेत, तेंका सुखरूप परत पोचव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आमच्या भक्तीन धा वर्सा ह्यांच्या कारखान्यात इमानान काम केल्यान रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"खवट गर पाठवू नकात म्हणान ती सांगी होती. तरी पाठयले, आणि आळ तिच्यार घातलो रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यात मोठा आवाज विनीतचा होता. जन्मभराची सवय, तोंडातून निघून गेलं. मग त्याचे डोळे उघडले. गंगारामांनी मान वळवून मुलाकडे बघितलं. माझ्या भात्यात तेव्हा थोडा वारा उरला होता. मी ती चिकट पट्टी खाली बसू दिली, आणि तो एकच सूर लांबपर्यंत, वारा संपेपर्यंत वाजत राहिला. विनीतने माझ्याकडे बघितलं, त्या डागाकडे बघितलं. त्याला आठवलं. मला कळलं की त्याला आठवलं.

भक्ती दाजींच्या कानाशी पुटपुटली, "शपथ घातली होती ना तुमका?"

"मी कोणाक सांगूक नाय," दाजी म्हणाले. "देवाक सांगलंय."

उसळ आली. सावित्रीताई वाटी घेऊन भक्तीशेजारी बसल्या. "गो, तू रजेर आसस म्हणान आयकलंय. खराच?"

भक्तीने एकदा विनीतकडे बघितलं. "रजेर नाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माका काढल्यानी."

सावित्रीताईंनी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बशीतले मूठभर काजूगर तिच्या ओंजळीत घातले. भक्तीने वास घेतला, दोन गर फोडले आणि तिथेच दोन वाटे केले. "हे ह्या वर्साचे. हे गेल्या वर्साचे." विनीतच्या घरात, विनीतच्याच बशीतले.

"तुझ्याबद्दल माका पण फोन इल्लो," सावित्रीताई म्हणाल्या. "सोमवारी शिरोड्याक ये."

आता भक्ती रोज शिरोड्याला जाते आणि रात्री माईजवळ असते. माझा भाता तिने नवा केला. कुडाळचा कारागीर डागही काढून देतो म्हणाला. ती म्हणाली, "ऱ्हवांदे."

यंदा पुन्हा बाविसाव्या घरी गेलो. विनीतने स्वतः चहा आणला आणि कप माझ्यापासून हातभर लांब ठेवला. मग खाली बघून म्हणाला, "भक्ती, त्या दिवशी चाय मीच सांडलंय."

"माका म्हायत आसा," भक्ती म्हणाली. "पेटीक सांग."

सगळ्या मंडळासमोर त्याला वाकावं लागलं आणि मला सांगावं लागलं.

माफ केलं का, असं विचाराल. मित्रांनो, ती पट्टी अजून चिकटते. म्हणून सांगते, वाद्यावर कप ठेवू नका. आणि ठेवलात, सांडलात, तर त्याच दिवशी खरं बोलून टाका. आम्हा पेट्यांना आयुष्य फार मोठं असतं.