पहाऱ्याचे जोडे

असाहेल टटलची सैन्यातली मुदत त्या सकाळी संपली. अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लढत त्यानं इंग्रजांच्या राजाला तीन वर्षं पुरेसा ताप दिला होता. आता घरी जायचं, बायकोला, डॉर्कसला भेटायचं आणि आपण निघाल्यावर जन्मलेली पोर एकदाची पाहायची, एवढाच त्याचा बेत होता. अडचण जोड्यांची होती.

जोडे त्याचेच होते, बापानं शिवलेले. पण जर्सीच्या टेकड्यांवर हिवाळी छावणी पडली तेव्हापासून त्याच्या तुकडीच्या झोपडीत धड जोडे तेवढेच उरले होते. मग रीतच पडून गेली, ज्याचा पहारा त्याच्या पायात जोडे. बाकीचे चुलीपाशी पाय चोळत बसत आणि असाहेलच्या बापाच्या शिलाईला नावं ठेवत.

"माझे जोडे कुठायत?" असाहेलनं विचारलं.

"एलिफलेट घालून गेलाय," सार्जंट बन्स करपलेली भाकरी खरवडत म्हणाला. "तो आला की मोझेस. मग जेबेझ."

"मला घरी जायचंय."

"मग मोझेसचा पहारा तू घे. रीत म्हणजे रीत."

बन्सशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा सैन्याशी काडीचाही संबंध न उरलेला हा माणूस एलिफलेट परतताच जोडे चढवून, गाठोडं पाठीला बांधून, बंदूक घेऊन नाक्यावर उभा राहिला. पहारा संपला की तिथूनच परस्पर वाट धरायची, असं त्यानं ठरवलं होतं.

दुपारी बदलीला जेबेझ आला, अनवाणी. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, बर्फावर ठेवली आणि तिच्यावर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला.

"जा तू," तो म्हणाला. "पोरीचा माझ्यातर्फे एक पापा घे."

"पाय गारठले नाहीत?"

"विचारलं मी त्यांना. सकाळपासून बोलत नाहीयेत."

असाहेल निघाला. वळणावर त्यानं मागे पाहिलं. जेबेझ टोपीवर तसाच उभा होता, एकदम शिस्तीत. असाहेलला रडू आलं आणि जेबेझचा भयंकर रागही आला. तो परत फिरला, बर्फात बसला आणि त्यानं जोडे काढले.

"टोपी आण इकडे."

त्यानं चाकूनं टोपीचे दोन तुकडे केले आणि घोंगडीच्या चिंध्यांनी आपल्या पायांना बांधले. जेबेझ जोडे चढवत बघत राहिला.

"बन्सनं बिनटोपीचं पाहिलं तर शिक्षा देईल मला."

"काय देईल?"

"जादा पहारा."

"मग जोडे आहेतच की."

कनेक्टिकटला पोचेपर्यंत टोपीचं फारसं काही उरलं नव्हतं. दारातल्या त्या माणसाचे पाय बघून पोर भोकाड पसरून आईच्या मागे लपली. डॉर्कसनं त्याला चुलीपाशी बसवलं, स्वतःचे डोळे पुसले आणि चिंध्या सोडायला घेतल्या.

"सासऱ्यांनी शिवलेले जोडे कुठायत हो?"

"पहाऱ्यावर आहेत," असाहेल म्हणाला.