कोमलची हाफपँट

क्रूझर शिरड शहापूरच्या पारापाशी थांबली. आधी मिराबाई उतरली, मग बचत गटाच्या बाकीच्या बाया उतरल्या, आणि सगळ्यात शेवटी सीटला धरत धरत मिराबाईची सून कोमल. तिच्या अंगात ढगळा टीशर्ट होता आणि त्याखाली गुडघ्यापर्यंतची निळी हाफपँट. डोक्यावर सासूनं बळंच टॉवेल टाकलेला. पारावरच्या गड्यांचं बोलणं तिथल्या तिथं बंद पडलं. बिडी ओढणाऱ्याची बिडी हातातच राहिली.

"झालं सुरू यांचं," मिराबाई पुटपुटली.

बाया गणपतीपुळ्याला गेल्या होत्या. देवदर्शन म्हटलं म्हणून तर गड्यांनी जाऊ दिलं. पण देऊळच समुद्राच्या कडेला, त्याला बाया काय करतील? ज्यांनी उभ्या जन्मात पाणी पाहिलं ते विहिरीचं, नाहीतर सिद्धेश्वरच्या धरणाचं, त्यांच्या पुढ्यात एवढा थोरला समुद्र आला. साड्या खोचून सगळ्या आत शिरल्या, लेकरांसारख्या खिदळल्या. तेवढ्यात कोमल किंचाळली. तिच्या दोन्ही पायांना जेलीफिश चिकटलं होतं. नडग्या, पोटऱ्या भाजल्यासारख्या लाल झाल्या, रात्रीतून फोड उठले. तिथल्या डॉक्टरनं बजावून सांगितलं, फोडांना कापड घासू देऊ नका, उघडंच राहू द्या. साडी नेसावी तर परकराची कड बराबर फोडांवर यायची. मग मिराबाईनंच किनाऱ्यावरच्या दुकानातून हाफपँट आणि वर घालायला टीशर्ट आणला.

"नको आत्याबाई, मामंजी काय म्हणतील?" कोमल रडकुंडीला आली होती.

"तुझे मामंजी माझ्याकडं लागले. घाल गुमान."

घरी फोन करून सांगते म्हटलं, तर तेही कोमलनं करू दिलं नाही. उगंच काळजी करतील म्हणाली. काळजी! पोरीची समज पाहा.

आता पारावरून माणिकराव उठला. हा भावकीतला, एकेकाळचा तंटामुक्तीचा अध्यक्ष. पद गेलं, पण सगळ्यांच्या भानगडीत नाक खुपसायची खोड गेली नव्हती.

"मिरावैनी, हे काय हो? तिथं समुद्रावर काय घालायचं ते घाला, आमी पाहाया येत न्हाई. पण समुद्र तिथंच ठिवून यायचा ना! हे गाव हाय."

कोमलनं टॉवेल डोक्यावरून काढून पायांपुढं धरला. ते पाहून मिराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. फोडांची गोष्ट ओठांवर आली होती, पण तिनं ती गिळली. या टवाळांना काहून सांगायचं? यांच्या पुढ्यात सुनेची साक्ष काढायला ती काय कोर्टात उभी होती?

"भाऊजी," ती म्हणाली, "मागल्या साली तुमी अन् आमचे हे गोव्याला जाऊन आले. ती पानाफुलाची चड्डी किती दिवस अंगावर व्हती सांगा बरं? त्याच चड्डीवर वसमतच्या मोंढ्यात हळद इकली. त्याच चड्डीवर धर्मसिंगच्या बापाच्या मातीला आले. बिचारा गेलेला माणूस, त्याच्या तिरडीमागं पोपट छापलेली चड्डी! तवा तुमचा समुद्र कुठं ठिवला व्हता?"

मागं बाया फिसकन हसल्या. माणिकरावाचं तोंड एवढंसं झालं.

"गड्याचं येगळं असतं वैनी."

"काय येगळं? तुमच्या पायांवर देवानं नक्षी काढून धाडली व्हय? काडीसारखे पाय, वर केसांचं रान, ते आमी गपगुमान पाहिले का न्हाई?"

पारावर कुणीतरी मोबाईल वर केला. मिराबाई अशी तरातरा गेली की त्यानं तो घाईघाईनं खिशात घातला. "काढ फोटू, काढ! अन् बायकोला दाखव घरी जाऊन, काय काय पाहात बसतो ते!" असं म्हणून तिनं कोमलचा दंड धरला आणि चालू लागली. कोमल लंगडत होती. लोकांना वाटलं, लाजून तसं चालते.

घरापाशी पोचेस्तोवर बातमी पुढं पोचली होती. मिराबाईचा नवरा उकंडराव दारात उभा होता, चौकटीवर हात आडवा टाकून. त्याच्यामागं मुलगा शिवशंकर, हातात पाण्यानं भरलेला तांब्या. देव करून आलेल्या माणसाच्या पायांवर घरच्यानं पाणी घालायचं, वाकून पाया पडायचं, मगच त्याला आत घ्यायचं. त्यात लहानथोर पाहात नाहीत, सून असली तरी तिच्या पायांवर पाणी पडतं. या घरातला हा रिवाज मिराबाईच्या सासूच्याही आधीचा.

शिवशंकरनं आईच्या पायांवर पाणी घातलं, पाया पडला. मग तो बायकोकडं वळला, तसा उकंडरावानं त्याला हातानं मागं सारलं.

"तिच्या पायावर न्हाई. अशी उघडी टांगडी घिऊन माझ्या उंबऱ्यात यायचं न्हाई. साडी नेसून यिऊ दे, न्हाईतर तिच्या गावाला, डोंगरकड्याला फोन लावा. तिच्या माहेरचे घिऊन जातील."

मिराबाई नवऱ्याच्या तोंडाकडं पाहातच राहिली. पारावरच्यांचं सोडा, ती उपटसुंभं. हा घरचा माणूस. कोमल लग्न करून आली तेव्हापासून याचा पहिला चहा तिच्या हातचा. पोरगी लंगडत दारात येते, तोंड उतरून एवढंसं झालंय, एका शब्दानं तरी विचारील का नाही? मिराबाईनं ठरवलं, आपण होऊन सांगायचं नाही. विचारू दे. माणूस असेल तर विचारील.

"तुमाला दुसरं काही इचारायचं न्हाई तिला?" ती म्हणाली.

"इचारायचं काय? दिसून राहिलंय ना सगळं."

"शिवा, तू?"

शिवशंकर हातातल्या तांब्याकडं पाहात होता. "आई, काहून तमाशा करून राहिली दारात? घटकाभर गुंडाळ म्हणावं साडी. आत आल्यावर मंग काय करायचं ते कर."

शेजारची चतुराबाई तोवर आपली एक साडी घेऊन आली होती. गरीब बाई, भांडण मिटावं म्हणून आणली. मिराबाई "नको" म्हणायच्या आत कोमलनं ती घेतली. तिथंच दाराच्या कडेला, गल्लीतल्या सगळ्यांच्या देखत तिनं हाफपँटवरूनच साडी गुंडाळली, निऱ्या घातल्या, खोचल्या आणि उंबऱ्याकडं एक पाऊल टाकलं. काठ नडगीला घासला. पोरगी "आई गं" म्हणून मटकन खाली बसली. साडी गुडघ्यापर्यंत वर ओढली, तर फोड फुटलेले. काठाला पाणी आणि रक्त लागलेलं.

शिवशंकर तांब्या घेऊन पुढं झाला. "हे काय झालं? आँ? हे कवा झालं?"

आता मात्र मिराबाईचा बांध फुटला.

"कवा झालं? समुद्रात झालं! विखारी काहीतरी चिकटलं लेकराच्या पायाला. डागदरनं सांगितलं कापड लावू नका, म्हणून म्या घातली तिला चड्डी, म्या! पारापासून इथवर अख्ख्या गावानं तिचे पाय पाहिले रे. डोळे फाडफाडून पाहिले. तुझ्या बापानं पाहिले, तू पाहिले. अन् फोड एकालाबी दिसले न्हाईत! फुटले तुमचे डोळे!"

उकंडरावानं चौकटीवरचा हात काढला, बाजूला सरकला. घसा खाकरून म्हणाला, "आधी सांगायचं ना मंग. आमाला काय सपन पडतंय? शिवा, पाणी घाल. यिऊ दे तिला आत."

शिवशंकर वाकला.

"पाणी नका घालू," कोमल म्हणाली. "झोंबंल."

तिनं बसल्या बसल्याच साडी सोडली, घडी केली, डाग आत घातला आणि चतुराबाईला म्हणाली, "धुऊन देते, मामी." मग सासूकडं वळली. रडत नव्हती.

"आत्याबाई, डोंगरकड्याला फोन लावा. माझ्या दादाला."

"अगं, आता ये म्हणून राहिलो ना मी!" उकंडराव म्हणाला.

"तुमी आधी बोलले ते बी म्या ऐकलं, मामंजी."

मिराबाईला वाटलं, तिचे हात धरावेत, म्हणावं बाई जाऊ नको, तुझ्याबिगर मला हे घर खायला उठंल. पण कोणत्या तोंडानं म्हणणार? ती खरं काय ते सांगायचं सोडून यांच्या विचारण्याची वाट पाहात राहिली, आणि तेवढ्यात पोरीच्या पायांची सालं निघाली. तिला सगळ्यांचा राग आला, स्वतःचाही. तिनं पिशवीतून मोबाईल काढला, कोमलच्या भावाला, प्रेमानंदला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"हां प्रेमानंद, मी कोमलची सासू बोलते. तुमी आजच्या आज गाडी घिऊन या. तिला न्यायला."

तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "काय झालं तिला? लागलं का कुठं?"

मिराबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो उंबऱ्याकडं पाहात होता.