झिजलेलं गाव

"उद्या त्याला खाली उतरवायचं म्हणे, आणि मग सरळ जाळात—"

एवढंच कानावर पडलं आणि शाळेची घंटा झाली. वऱ्हांडा झाडणाऱ्या मावशी कुणाला तरी सांगत होत्या. पुढचं काही ऐकू येईना. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. नकाशाला कसले पाय, पण सरकली खरी!

होय, मी चौथीच्या वर्गातला नकाशा बोलतोय. आपल्या राज्याचा. पाठीला कापड, वर-खाली लाकडी दांडे. दाराशेजारीच टांगलेला, त्यामुळे कुणाचा डबा कुणी खाल्ला, कुणाचं कुणाशी बिनसलं, सगळी खबर मला. नसत्या चौकशांची सवयच लागली म्हणा ना.

नवा होतो तेव्हा काय माझा थाट! कोपऱ्यात राज्यपक्षी, राज्यफूल, राज्यप्राणी. डोंगरांवर किल्ल्यांचे बुरूज, कोळशाच्या खाणींना काळे त्रिकोण, कापसाला पांढरी बोंडं. वर्गाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी रीत पाडली. धड्याआधी प्रत्येकानं पुढं यायचं आणि आपल्या गावावर बोट ठेवायचं. "आधी आपलं घर सापडू दे, मग राज्य सापडेल," त्या म्हणायच्या. बोटं कधी शाईची, कधी तेलकट, कधी नुकतंच नाक पुसलेली. मला गुदगुल्या व्हायच्या. अशी वर्षांमागून वर्षं गेली.

आणि मावशींच्या त्या बोलण्याच्या आदल्या दिवशी आक्रीत घडलं. नव्या मोठ्या बाई वर्ग बघायला आल्या. त्यांनी पहिल्या बाकावरच्या 'बडबडी'ला उठवलं. सगळा वर्ग त्या पोरीला याच नावानं हाक मारतो.

"दाखव बरं आपलं गाव."

ती ऐटीत आली, बोट टेकवलं आणि बोट आरपार! थेट मागच्या भिंतीला.

बडबडीची वाचाच बसली. मीही हादरलो. भोक माझ्या अंगाला, आणि मलाच पत्ता नाही!

"बाई, आपलं गाव गेलं..." म्हणत तिनं भोकाड पसरलं.

"कुणी फाडला हा?" मोठ्या बाई कडाडल्या.

"कुणीच नाही हो," आमच्या बाई पुढं झाल्या. "बोटं ठेवून ठेवून झिजलाय. किल्ले बघा, खाणी बघा, सगळं कसं कोरं करकरीत आहे. झिजलंय ते आपलं गाव."

मोठ्या बाईंनी भोकाच्या कडा चाचपून बघितल्या आणि निघून गेल्या. म्हणून तर मावशींचं बोलणं ऐकून माझं धाबं दणाणलं.

दुसऱ्या दिवशी मावशी स्टूल घेऊन हजर. "चल बाबा, उतर." खाली उतरवल्यावर त्यांनी माझे दांडे उपसले. "वाळवी लागलीये मेली!" माझ्या डोळ्यांदेखत दांडे जाळात गेले. म्हटलं, आता माझी पाळी.

पण तेवढ्यात आलेल्या मोठ्या बाईंनी मला टेबलावर पालथा घातला. मावशींनी पाठीला कापडाचं ठिगळ लावलं. मग मला उताणा करून मोठ्या बाईंनी पेन बडबडीच्या हातात दिलं.

"गाव गेलं म्हणून रडत होतीस ना? ठेव परत."

जीभ बाहेर काढून तिनं ठिपका काढला. राजधानीहून मोठा!

"अगं, केवढा तो!"

"मग? माणसं किती आहेत आमच्या गावात, बाई!"

तेव्हा मावशींची बातमी निम्मी खरी ठरली. उतरलो, थोडा जळलोही. आता बिनदांड्यांचा, पोरांचा हात पोचेल असा भिंतीवर ठोकलेला आहे. रीत चालूच आहे. पोरांनो, बोट जरूर ठेवा, फक्त नखं कापून या. आणि अधूनमधून त्या किल्ल्यांवर, खाणींवरही बोट फिरवा रे. छापल्यापासून वाट बघतायत बिचारे.