एप्रनच्या खिशातली संक्षेपांची वही

मी एक जुनी, तळहाताएवढी वही आहे. मित्रांनो, माझ्यात गोष्टी नाहीत, कविता नाहीत. माझ्यात आहेत दोन-दोन, तीन-तीन इंग्रजी अक्षरांचे घोळके आणि प्रत्येकासमोर मराठीत त्याचा अर्थ. बाळंतपणाच्या खोलीत काम करणाऱ्या परिचारिकांना पूर्ण शब्द लिहायला वेळ नसतो. त्या नुसती अक्षरे लिहितात. ती अक्षरे शिकता शिकता एका मुलीचे काय झाले, ते मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छापखान्यात झाला. माझ्या पुठ्ठ्यावर लोहाच्या गोळ्यांची जाहिरात छापली गेली. औषध कंपनीच्या हर्षद नावाच्या प्रतिनिधीने मला मुलुंडच्या एका प्रसूतिगृहात वाटून टाकले. तिथल्या वनमाला सिस्टरांकडे अशा वह्या खूप होत्या. त्यांनी मला त्याच दिवशी कामावर आलेल्या एका विद्यार्थिनीच्या हातात ठेवले. तिचे नाव गंधाली.

गंधाली घाटकोपरची. घरचे मूळचे सावंतवाडीकडचे. दहावीपर्यंत शाळा मराठी, त्यामुळे केसपेपरवरच्या इंग्रजीपाशी ती अडायची. पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी कागदावर ‘एआरएम’ झाल्याची नोंद होती. गंधालीने ते ‘आर्म’ असे वाचले आणि कुणाच्या हाताला काय झाले, हे बराच वेळ शोधत राहिली. एआरएम म्हणजे पाण्याची पिशवी मुद्दाम फोडणे, हे कळल्यावर बाकीच्या मुली हसल्या. हसून विसरूनही गेल्या. गंधाली मात्र विसरली नाही. त्या दिवसापासून तिने विचारणे सोडले. जे कानावर पडेल ते ती गुपचूप माझ्यात लिहू लागली. एफएचएस म्हणजे बाळाच्या हृदयाचे ठोके. एनबीएम म्हणजे तोंडाने काही द्यायचे नाही. एलएससीएस म्हणजे सिझेरियन.

मी कुणाला दिसू नये म्हणून ती मला एप्रनच्या आतल्या खिशात ठेवायची. त्याची शिवण उसवली होती, म्हणून वरून सेफ्टी पिन लावायची. पिन लागली की अंधार. मला सगळे ऐकू येई, न दिसलेले नंतर मुलींच्या बोलण्यातून कळे, आणि करता मात्र काहीच येत नसे.

एके दिवशी कुटुंबनियोजनाच्या खोलीत डॉक्टर ‘आययूडी’ म्हणाल्या आणि गंधालीने लिहून घेतले: ‘आययूडी म्हणजे तांबी.’ गर्भधारणा होऊ नये म्हणून गर्भाशयात बसवतात, ती. लिहिलेले बरोबर होते. पुढच्याच आठवड्यात गंधाली एप्रन खुंटीला अडकवून ट्रे धुवायला गेली होती. तेव्हा माझ्याजवळच उभ्या राहून दोन सिस्टर हलक्या आवाजात बोलत होत्या. एका बाईचे बाळ पोटातच गेले होते, आणि त्यालाही त्या आययूडीच म्हणत होत्या. म्हणजे अक्षरे तीच आणि अर्थ दोन. एक माझ्या पानावर होता, दुसरा मला नुसता ऐकून ठाऊक झाला. तो मी गंधालीला कसा सांगणार? वहीला तोंड नसते, आणि स्वतःच्या पानावर तिला स्वतः एक रेघही ओढता येत नाही. त्यानंतरचा महिना मी त्या खिशात जिवाला घोर लावून काढला.

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी उत्तरा नावाच्या बाई कळा सुरू झाल्या म्हणून दाखल झाल्या. बँकेत नोकरी करणाऱ्या, तिशीच्या आसपासच्या. आल्या आल्या सिस्टरांनी बाळाचे ठोके मोजले. ते ठीक होते. मग फॉर्म भरायचे काम गंधालीकडे आले. जुन्या कागदांत लिहिले होते, ‘मागील आययूडी.’

“ताई, तांबी कधी काढली होती?” गंधालीने विचारले.

“कसली तांबी?”

“इथे आययूडी लिहिलंय ना.”

उत्तराबाईंनी त्या कागदाकडे पाहिले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. पुढच्या कुठल्याच प्रश्नाला त्या बोलल्या नाहीत, नुसती मान हलवत राहिल्या. बाळाची हालचाल कशी आहे, या प्रश्नालाही मानच हलली. गंधालीने त्या चौकटीत ‘चांगली’ असे लिहिले. खिशात मला पेनाचा आवाज ऐकू आला. मित्रांनो, त्या क्षणी ती पिन मला भिंतीएवढी वाटली.

थोड्या वेळाने वनमाला सिस्टर आल्या. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहताना त्यांनी पाहिले आणि काय झाले ते गंधालीला विचारले. तिने सांगितले. सिस्टरांनी तिला कोपराला धरून बाहेर नेले. त्या रागावल्या नाहीत. आवाज खाली आणून म्हणाल्या, “आययूडीचे दोन अर्थ आहेत गं. त्यांचं पहिलं बाळ पोटात गेलं होतं.”

गंधालीने एप्रनवरूनच मला घट्ट दाबून धरले. मला घरी जाऊ द्या, दुसऱ्या वॉर्डात टाका, पण आत पाठवू नका, असे ती पुन्हा पुन्हा म्हणू लागली. सिस्टरांनी तिला बोलू दिले. मग म्हणाल्या, “त्यांना उठून जाता येत नाहीये. तूही जाऊ नकोस.”

गंधाली आत गेली आणि खाटेजवळ उभी राहिली.

“ताई, मला एकच अर्थ माहीत होता. कुणाला तरी विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. माझं चुकलं.”

मग उत्तराबाई म्हणाल्या, “मुलगी होती. मनात मी तिचं नाव अबोली ठेवलं होतं. घरात कुणी ते विचारलंच नाही.”

“अबोली,” गंधाली हळूच म्हणाली.

त्या नावानंतर उत्तराबाईंचा बांध फुटला. रडता रडता त्या म्हणाल्या, “हे बाळ सकाळपासून कमी हलतंय. तोंडाने म्हटलं तर खरं होईल, म्हणून मी बोलत नव्हते.”

या वेळी गंधालीने माझ्याकडे हातसुद्धा नेला नाही. तिने मोठ्याने सिस्टरांना हाक मारली. यंत्र पोटावर टेकले आणि ठोके ऐकू येऊ लागले. ते फार सावकाश पडत होते. पुढच्या तपासणीला अजून पंधरा मिनिटे होती, आणि तेवढी वाट पाहायची सोय उरली नव्हती. डॉक्टर धावत आल्या, खाट ढकलत नेली गेली. गंधालीने ‘चांगली’ हा शब्द खोडून खरे ते लिहिले आणि सही केली. ऑपरेशनच्या खोलीत तिला प्रवेश नव्हता. ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि मी तिच्या छातीची धडधड ऐकत राहिले. शेवटी आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, चिडका आवाज. मुलगा झाला होता. दोन दिवस काचेच्या पेटीत राहिला आणि मग आईच्या कुशीत घरी गेला.

त्याच दुपारी गंधाली माझे ते पान फाडायला निघाली होती. सिस्टरांनी तिचा हात धरला. म्हणाल्या, फाडू नकोस, खाली दुसरा अर्थ लिही. तिने लिहिला. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: ‘आधी विचार, मग बोल.’

त्यानंतर माझे चांगले दिवस आले. गंधाली विचारून विचारून लिहू लागली. ती परीक्षा पास झाली. नंतर आलेल्या मुली मला मागून नेत, उतरवून घेत, आणि माझ्यामुळे आपण तरलो असे म्हणत. गंधालीला सांताक्रूझच्या एका रुग्णालयात नोकरी लागली, तेव्हा तिने मला स्वरदा नावाच्या विद्यार्थिनीला दिले. स्वरदाने माझ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढले. फोटो हाताशी आल्यावर माझी गरज संपली. तिने मला लॉकरमध्ये ठेवले आणि शिक्षण संपवून ती निघून गेली. किल्ली कुठे गेली, कुणाला माहीत नाही. तीन वर्षे झाली. माझ्या सोबतीला एक दात तुटलेला कंगवा आहे आणि दाराच्या फटींतून येणारा थोडा उजेड. ओल लागून माझी कडेची पाने एकमेकांना चिकटली आहेत.

परवा बाहेर दोन मुली बोलत होत्या. एका कागदावर ‘केएमसी’ असे लिहिले होते आणि ते त्यांच्या मोबाईलमध्ये नव्हते. माझ्यातही नाही. एक म्हणाली, सोड, काहीतरी लिही. दुसरी विचारायला निघून गेली. बऱ्याच वेळाने ती परत आली.

“अगं, बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवायचं. सिस्टरनी करूनच दाखवलं.”

मित्रांनो, माझी शेवटची अकरा पाने कोरी आहेत. तो अर्थ मी ऐकला आहे, पण इथे तो लिहायला पेन पोहोचत नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरात, कपाटात एखादी हाताने लिहिलेली वही बंद पडली असेल, तर तिला बाहेर काढा. आणि हातातल्या कागदावर न कळणारे अक्षर दिसले, तर विचारायला लाजू नका. तो कागद ज्याचा आहे, ते माणूस तुमच्या समोरच पडलेले असते.