बत्तिसावा पेला

बत्तीस पेले मी सकाळीच मांडले. एकतिसांत साधं पाणी, एकात धुण्याचा सोडा कालवलेलं. दिसायला जुळ्या भावंडांसारखे. सोड्याच्या पेल्याच्या बुडाला तेवढा एक निळा ठिपका. साथ कशी पसरते, हा धडा मी दरवर्षी असाच शिकवते.

यंदा साथ धड्याआधीच येऊन गेली होती. पहिल्या बाकावरची मुंगी, चणीनं एवढीशी म्हणून मुंगी, तापातून उठली आणि तिचा दहा महिन्यांचा भाऊ गेला. आत्या येईल-जाईल त्याला सांगायची, "हिनंच आणलं घरात." अजून तिचा पेला वेगळा ठेवायची. सगळं ठाऊक असूनही धडा गाळायचं मला सुचलं नाही. पेले मी न बघता वाटले.

"एकातच सोडा आहे, कुठं ते नाही सांगणार. जोडीदाराच्या पेल्यात आपलं पाणी ओता, मग निम्मं निम्मं वाटून घ्या. असे तीन जोडीदार. नावं वहीत लिहा."

मुंगी पेल्यावर तळहात झाकून बसली.

"अगं, पाणीच आहे ते. ओत की!"

तिनं शेजारच्या लंबूच्या पेल्यात ओतलं. पाण्यात पाणी गेलं, कोणाचं कोणतं सांगता येईना.

शेवटी मी प्रत्येक पेल्यात, सोडा असेल तर पाणी गुलाबी करणाऱ्या द्रावणाचा एकेक थेंब टाकत गेले. आठ पेले गुलाबी झाले. पोरांनी बाकं बडवली. मग वह्या जुळवल्या. ज्यांनी स्वच्छ पेल्याशीही वाटणी केली होती ते सुटत गेले. फळ्यावर दोघंच उरली, मुंगी आणि लंबू.

"दोघांतलं पहिलं कोण, बाई?" मुंगीनं विचारलं.

"वहीवरून नाही कळत गं."

लंबू त्याच वर्गात दुसऱ्यांदा बसलेला. ठिपक्याची गंमत त्याला पाठ होती. "मीच चोर! धरा मला! चोराच्या बुडाला निळा ठिपका असतो!" म्हणत त्यानं पेला उपडा केला. गुलाबी पाणी बाकावरून ओघळलं. बूड कोरं होतं.

हसू अर्ध्यात तुटलं. सगळे मुंगीकडे बघू लागले.

"माझ्याच खाली आहे," ती म्हणाली. "मला आधीच दिसला होता, बाई. पण तुम्ही ओत म्हणालात." मग हळूच, "आईपण म्हणाली होती, बाळाला घे जरा. मी म्हटलं, अंग कणकणतंय. तर म्हणाली, नाटकं नकोत."

मी तिच्यापाशी खाली बसले. "पेला तुला कोणी दिला? मीच ना? मग तुझा काय दोष?"

तिचे डोळे एकदम लकाकले. "मग मला ताप कोणी दिला, तेही शोधा ना. आत्याला सांगते."

एवढ्या साऱ्या वह्या माझ्या मांडीवर होत्या. त्यात ते नव्हतं.

मधल्या सुट्टीत तिनं आपणहून पेले धुतले. एकतीस एकात एक घातले. बत्तिसावा तीनदा घासला आणि खिडकीत वेगळा ठेवला. ठिपका केव्हाच निघून गेला होता.